थोरलीची बाकी

नऊ वर्षांपूर्वी आलेल्या एका पत्राला मी उत्तर दिलं नाही. द्यायचं नाही असं काही ठरवलं नव्हतं. ठरवून माझ्या हातून फारसं काही होत नाही. आज लिहू, उद्या लिहू असं करता करता ते पत्र शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात जाऊन बसलं, आणि ते नजरेस पडू नये म्हणून मी तो खंड उघडायचंच बंद केलं. तेव्हापासून 'प'पासून पुढचे सगळे शब्द मी अंदाजाने लिहीत आलो आहे.

पत्र एका जलतरण तलावाच्या व्यवस्थापिकाबाईंचं होतं. त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला पोहता येत नाही. आमचा संबंध आला तो माझ्या पुस्तकामुळे. त्याला पुस्तक म्हणायलाही मी कचरतो. शहाण्णव पानं, मध्ये दोन पिना, आणि मुखपृष्ठावर माझं नाव इतकं बारीक की मी बोट ठेवल्याशिवाय कोणाला सापडत नाही. छपाईवाल्याला तसं मीच सांगितलं होतं.

मी नकाशे छापणाऱ्या कचेरीत प्रोग्राम लिहायच्या कामाला होतो. आमचे सगळे प्रोग्राम एका जुन्या भाषेत होते. पुढे नवी यंत्रं आली, त्यांना ती भाषा कळेना, म्हणून नवी भाषा आली. दोघींची खरी नावं लांबलचक होती. कचेरीत कोणीतरी जुनीला थोरली आणि नवीला धाकटी म्हणायला लागलं आणि तीच नावं रूढ झाली. थोरली सगळं शिकूनसवरून आलेली होती. शब्दाची पहिली चार अक्षरं तोडून दे म्हटलं की देई, तारखेवरून वार सांग म्हटलं की सांगे. अशी चौऱ्याऐंशी कामं तिच्या अंगचीच होती. त्यांना अंगभूत फंक्शनं म्हणतात. धाकटी चपळ, पण आली ती जवळजवळ रिकाम्या हातांनी. तिला एकेक गोष्ट करून दाखवावी लागे. तेव्हा थोरलीला येणारं सगळं धाकटीला शिकवायचं, म्हणजे जुने प्रोग्राम मुळापासून न बदलता चालतील, हे काम माझ्याकडे आलं. दुसरं कोणी घेईना म्हणून आलं.

मला ते फार आवडलं. कोणाशी बोलावं लागत नव्हतं. दोघींच्या सवयी नुसत्या बघत बसायच्या. थोरली एकपासून मोजते, धाकटी शून्यापासून. थोरली आकडा लिहिताना त्याच्या आधी एक जागा मोकळी सोडते. वजाचं चिन्ह आलंच तर त्याला बसायला हवी म्हणून. ती मोकळी जागासुद्धा मी धाकटीकडून सोडवून घेतली. जसंच्या तसं हवं, हा माझा हट्ट होता. हे सगळं शिकवणं मी पुढे पुस्तकात उतरवलं, आणि त्याच्या पहिल्याच पानावर तसं वचन छापलं होतं: थोरली जशी वागे तशीच धाकटी वागेल, खोडींसकट. एक फंक्शन तयार झालं की दोघींकडून एकच तक्ता छापून घ्यायचो, दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावायचो. उजेडात अक्षरावर अक्षर बसलं की ते झालं. एकदा साहेब आत आले तेव्हा मी काचेला नाक लावून उभा होतो. ते तसेच दार ओढून गेले.

अशी त्र्याऐंशी फंक्शनं काचेला लागली. एक लागलं नाही. भागाकारातली बाकी काढणारं. कारण बाकी धाकटीला आधीपासूनच येत होती. नाव तेच, काम तेच. पान एक्केचाळीसवर मी एवढंच लिहिलं: 'बाकी. ही धाकटीलाही येते. वेगळं काही करायला नको.' जे केलंच नाही ते तपासायचं काय?

आता पत्र. बाईंच्या तलावावर सात जीवरक्षक होते. खोल पाण्याच्या काठावर दिवसभर उन्हात उभं राहणं सगळ्यांत कष्टाचं, म्हणून तिथला नियम असा, की आज जो खोल पाण्याशी उभा राहील त्याला उद्या फाटकापाशी सावलीतली खुर्ची. तिथे बसून पास बघायचे, बस. सोमवार शून्य, मंगळवार एक, असं करत रविवार सहा. जीवरक्षकांचे क्रमांकही शून्य ते सहा, आणि ज्या वाराचा जो आकडा त्या क्रमांकाचा माणूस खोल पाण्याशी. खुर्ची कोणाची हे काढायला आजच्या आकड्यातून एक वजा करायचा आणि सातने भागून बाकी घ्यायची. मंगळवारी येई शून्य, बुधवारी एक; सगळं सुरळीत. सोमवारी शून्यातून एक गेला की उरे उणे एक. इथे थोरली म्हणे, सात पावलं मागे जा, सहा पुढे ये, बाकी सहा. म्हणजे रविवारी उन्हात उभा राहिलेल्याला सोमवारी खुर्ची. धाकटी म्हणे, उणे एकाला सातचा भागच जात नाही. बाकी उणे एक. आणि उणे एक क्रमांकाचा जीवरक्षक कुठल्याच तलावावर नसल्यामुळे ती जागा कोरी सुटे.

बाईंनी जुना प्रोग्राम माझं पुस्तक शेजारी ठेवून, स्वतः, एकटीने धाकटीत आणला होता. पुढे चार महिने सोमवारची खुर्ची कोणाच्याच नावावर नव्हती. हा सहा क्रमांक म्हणजे बाईंचा धाकटा दीर. रविवार तलावावर सगळ्यांत गर्दीचा. त्या दिवशी भाजून निघायचं आणि दुसऱ्या दिवशी फाटकापाशी, खुर्ची नावावर नाही म्हणून, उभ्याने पास बघायचे, हे त्याने चार महिने सोसलं आणि मग सगळ्यांसमोर म्हणाला की वहिनी घरातला राग तलावावर काढते. बाईंनी शोधून शोधून तो उणे एक काढला आणि कागद त्याच्यापुढे धरला. इतर जीवरक्षक पोट धरून हसले. दीर हसला नाही. मशीनला सातांतला मीच बरा सापडतो, म्हणाला. त्यानंतर बाई सोमवारच्या रकान्यात हाताने त्याचं नाव लिहू लागल्या, तर हा त्या खुर्चीत बसेना. उपकार नकोत, म्हणाला.

पत्राचा शेवट मला पाठ आहे. 'मी पुस्तकातल्याप्रमाणेच केलं आहे. चूक माझी असेल तर स्पष्ट कळवा, मी त्याची माफी मागेन. पुस्तकाची असेल तर दोन ओळी लिहून द्या, म्हणजे मी त्याला दाखवीन. तो माझ्याशी बोलत नाही. बाकी सर्व ठीक.'

ते 'बाकी सर्व ठीक' वाचून मी पान एक्केचाळीस उघडलं होतं.

चूक माझी आहे हे मला पत्र मिटायच्या आत कळलं. दुसऱ्या दिवशी वाटलं, खरंच आहे का? वाचनालयात जाऊन बघितलं तर थोरलीसारखी बाकी मानणारे विद्वान होते आणि धाकटीसारखी मानणारेही होते, आणि दोन्हीकडचे माझ्यापेक्षा पुष्कळ शिकलेले. मी उत्तर लिहायला बसलो ते अकरा पानांवर गेलं. त्यात दोघींचंही आपापल्या परीने बरोबर कसं आहे हे इतकं सविस्तर होतं, की चूक कोणाची हे सांगायला जागाच उरली नाही. ते पाठवायची लाज वाटली. मग महिना गेला. महिन्याने उत्तर कसं द्यायचं म्हणून लाज वाटली. मग वर्ष गेलं.

यंदा जुन्या कचेरीतून एका इंजिनिअर मुलीचा फोन आला. माझं पुस्तक ती सगळ्यांना वापरता येईल असं संगणकावर चढवणार होती. थोरलीत अडकलेली माणसं अजून जगात आहेत हे ऐकून मला बरं वाटलं. शुक्रवारपर्यंत शुद्धिपत्र असेल तर द्या सर, म्हणाली, पण आम्हाला तर काही चूक दिसली नाही. मी बघतो म्हटलं. फोन ठेवला आणि कपाटातून दुसरा खंड काढला.

आमची ही दारातच उभी होती.

"आज 'प'च्या पुढे जायचा विचार दिसतोय," ती म्हणाली.

संसाराला चाळीस वर्षं झाली की असं होतं. आपण लपवलेलं पत्र तिला माहीत नसतं, पण ते कुठे लपवलंय ते माहीत असतं. मी तिला बसवलं आणि पहिल्यापासून सांगितलं. तिने पत्र वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. ती तीस वर्षं प्राथमिक शाळेत गणित शिकवत होती, हे मला त्या अकरा पानांच्या वेळी एकदाही सुचलं नव्हतं.

"बाकी कधी उणे असते का हो?" ती म्हणाली. "चौथीच्या वर्गाला विचारलं असतंत तरी एका सुरात सांगितलं असतं."

मी म्हटलं, तसं मानणारे विद्वान आहेत. ती म्हणाली, असू देत, पण तुम्ही थोरली वागे तशी धाकटी वागेल असं छापलंत ना? यावर विद्वानांपैकी कोणी माझ्या मदतीला आलं नाही.

इंजिनिअर मुलीसाठी मी दुरुस्ती लिहिली. दीड ओळ: बाकी शून्याखाली गेली तर तीत भाजक मिळवावा. पाच मिनिटं लागली. ही घड्याळ बघत होती. फोनवालीला पाच मिनिटं आणि या बाईंना नऊ वर्षं, एवढंच म्हणाली आणि भाजी निवडायला गेली.

मी मागोमाग गेलो. म्हटलं, इतक्या वर्षांत त्यांचं मिटलं असेल. घरचीच माणसं ती. आता पत्र टाकायचं म्हणजे बरी झालेली जखम उकरायची. ही म्हणाली, जाऊन बघून या. मिटलं असेल तर घरी येऊन पत्र फाडून टाका, मी तोंडातून शब्द काढणार नाही. मी म्हटलं, मी तिथे जाऊन काय सांगू? कोण म्हणून जाऊ? ती म्हणाली, तिकीट काढून जा. पोहायला येतात लोक तिथे.

बसने दोन तास लागले. मी सोमवारी गेलो. मुद्दाम गेलो असं नाही. शनिवार-रविवार धीर होत नव्हता. तलाव शाळेच्या मैदानाएवढा, निळ्या फरशांचा, आणि औषधाचा वास रस्त्यापर्यंत. कोपऱ्यावरच्या खोलीला कुलूप होतं. व्यवस्थापिकाबाईंची सोमवारी सुट्टी असते असं दारावरच लिहिलं होतं. ते वाचून मला जो सुटल्याचा आनंद झाला तो मी हिला सांगितलेला नाही.

फाटकापाशी पत्र्याच्या सावलीत पांढरी खुर्ची होती. पाठीवर निळ्या रंगाने उणे एक लिहिलेलं. खुर्ची रिकामी, आणि तिच्या शेजारी गळ्यात शिट्टी अडकवलेला, पंचेचाळिशीचा, उन्हाने तांबूस झालेला एक माणूस उभ्याने पास बघत होता. मी पास नाही, नुसता बघायला आलो म्हटलं. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. बसा काका, म्हणाला, आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली.

मी म्हटलं, तुम्ही बसा. तो म्हणाला, मी सोमवारी बसत नाही. सोमवारी ही कोणाचीच नसते, कोणी पाहुणा आला तर बसतो. आणि मी बसलो. आपल्याच चुकीत माणूस इतक्या अचूकपणे क्वचितच बसत असेल.

त्याला बोलायची हौस होती, मला ऐकायची सवय आहे. अर्ध्या तासात मला सगळं कळलं. वहिनी दर आठवड्याला तक्ता लावते, त्यात सोमवारी त्याचं नाव हाताने लिहिते. तो दर सोमवारी उभा राहतो. घरी दोघं एकाच टेबलावर जेवतात, पण बोलणं भावाच्या मार्फत. मीठ हवं असलं तरी हा दादाला सांगतो, दादा वहिनीला सांगतो, आणि दादा हल्ली ऐकायला कमी येतं असं सांगू लागलाय. हे सांगताना तो हसत होता. पण जिना उतरून तिच्या खोलीवरून जाताना आपण अजून पाय जपून टाकतो, असंही म्हणाला, आणि तेव्हा हसला नाही. वहिनी घरात आली तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. पोहायला त्याला तिनेच शिकवलं होतं.

मी धीर करून विचारलं, मशीनचीच चूक असेल असं कधी वाटलं नाही का?

"तिने एक पुस्तक दाखवलं होतं मला," तो म्हणाला. "म्हणे यात आहे तसंच केलं. आता काका, तुम्ही शिकलेले दिसता. छापलेल्या पुस्तकात अशी चूक राहील का?"

मी खुर्ची अजून थोडी सावलीत ओढली.

"बरं, पुस्तकवाल्याला पत्र लिहिलंय, म्हणाली. मी म्हटलं, ठीक आहे, येऊ दे उत्तर. रोज पोस्टमनची वाट बघायची ती. मीही बघत होतो, खोटं कशाला सांगू? वर्षभर वाट बघितली. खरं असतं तर आलं असतं ना उत्तर?"

इतकी वर्षं मी समजत होतो की उत्तर न देऊन मी फक्त गप्प बसलो आहे. माझं गप्प बसणं या माणसाने पुरावा म्हणून जपून ठेवलं होतं, आणि तो पुरावा तिच्या विरुद्ध होता.

तो पुस्तकवाला मी, हे वाक्य माझ्या तोंडापर्यंत दोनदा आलं. पहिल्यांदा एक बाई दोन लेकरं घेऊन पास दाखवायला आली. दुसऱ्यांदा कोणी आलं नाही, आणि तरी मी म्हटलं ते असं: लिहिणारे लोक जरा आळशी असतात.

असतील, तो म्हणाला. माझी कोणाशी ओळख नाही.

तेवढ्यात काठावरून पळणाऱ्या कोणाला तरी बघून त्याने शिट्टी मारली आणि तिकडे गेला. मी उठलो. खुर्ची होती तिथे नीट सरकवली आणि परतीची बस पकडली.

घरी आलो. हिने चहा ठेवला, आणि माझा चेहरा बघून टेबलावरची वर्तमानपत्रं उचलून कोरे कागद ठेवले. मी एवढंच सांगितलं, की मिटलेलं नाही, आणि न मिटायला कारण मी आहे.

पहिला खर्डा तीन पानांचा झाला. मला वाटलं, अकरावरून तीनवर आलो म्हणजे प्रगती आहे. हिने कपाटातून आपली लाल पेन्सिल काढली. विद्वानांचा परिच्छेद गेला. कचेरीत त्या वेळी किती घाई होती हे गेलं. त्र्याऐंशी फंक्शनं बिनचूक होती हे वाक्य मी हाताने झाकलं. तिने माझा हात बाजूला केला आणि तेही खोडलं. मी म्हटलं, निदान सात मागे आणि सहा पुढे एवढं तरी समजावून देऊ. ती म्हणाली, बाईंना ते तुमच्याआधी समजलंय, आणि दिराला ते समजून घ्यायचंच नाहीये. त्याला एवढंच बघायचंय की दुसऱ्या कोणी तरी हे आपल्या अंगावर घेतलं.

उरलं ते मी चांगल्या कागदावर, सावकाश, सुवाच्य अक्षरात उतरवलं.

'तुम्ही पुस्तकाप्रमाणेच केलंत. पान एक्केचाळीसवर चूक आहे आणि ती माझी आहे, तुमची नाही. तुमचं पत्र मला वेळेवर मिळालं होतं. उत्तर आलं नाही ते तुमचं म्हणणं खोटं होतं म्हणून नव्हे, मी घाबरलो म्हणून. हे पत्र कोणालाही दाखवावं.'

हिने बोटाने ओळी मोजल्या. दोन मागितल्या होत्या, म्हणाली, पण चालतील. शेवटची माझी सही तिला वाचता येईना, म्हणून तिच्याखाली मला पूर्ण नाव लिहायला लावलं.

दुसऱ्या दिवशी पोस्ट उघडायच्या आधीच मी दारात उभा होतो. खिडकीवरच्या कारकुनाने पाकीट वजनाला टाकलं, तिकीट दिलं. मी ते चिकटवलं, कोपरे दाबले, पत्ता पुन्हा वाचला. तलावाचं नाव बरोबर होतं, बाईंचं नाव बरोबर होतं. पेटी खिडकीच्या बाजूलाच, भिंतीत होती. पाकीट तिच्या तोंडात घातलं आणि एक टोक धरून राहिलो. पान एक्केचाळीसच ना? चौदा तर नव्हे? घरी जाऊन बघून यावं का? मागे एक बाई पार्सल घेऊन उभ्या होत्या. त्यांनी पार्सल एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

मी बोटं सोडली. मग उगाच पेटीच्या तोंडाशी कान नेऊन उभा राहिलो.

"पडलं, काका," खिडकीतून कारकून म्हणाला. "मला आवाज आला."